सगुणाची घेरी आणि सुरंगीची परी

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं बरं का. होतं एक एवढंसं गाव, डोंगराला टेकून बसलेलं. सुरंगवाडी त्याचं नाव. घरं अवघी वीस, पण सुरंगीची झाडं मोजायला बसाल तर कंटाळून जाल. फाल्गुन लागला की त्यांच्या काळपट फांद्यांवर मोत्याएवढ्या पांढऱ्या-पांढऱ्या कळ्या फुटायच्या. उमलल्या की आत पिवळाधमक केसर, आणि वास असा की वाटेने जाणारं माणूस काम विसरून उभं राहायचं.

पण कळी उमलायच्या आत काढायची, हा तिथला नेम. ऊन तापायच्या आधी बाया काय नि बापे काय, सगळे कमरेला परडी बांधून सरसर झाडावर. ज्याला चढता येत नाही त्याने खाली पडलेली फुलं वेचायची. आणि पडलेल्या फुलाचा गजरा कोण घालतंय? बाजारात त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे.

अशा गावात नेमकी नऊ वर्षांच्या सगुणाला घेरी यायला लागली.

एका दिवाळीची गोष्ट. सकाळी ती कुशीवर वळली आणि घराचं छप्परच फिरलं. भिंत गेली, चूल गेली, परत आली, परत गेली. कानात किर्र आवाज सुरू झाला तो थांबेना. पोरगी अंथरूण मुठीत धरून ओरडली, "आई, मला धर! मी पडते!"

"अंथरुणातून कुठे पडतेस गो?" आई म्हणाली. तिचं नाव येसू. गावातली सगळ्यांत तरबेज चढणारी. नवरा लवकर गेला, तेव्हापासून येसूची परडी भरली तर घरात भात शिजायचा, नाहीतर पेज पाण्यासारखी पातळ व्हायची. दोन्ही पायांवर उभी असलेली पोर पडते कशी, हे तिला कळेना. ताप नाही, जखम नाही, रक्त नाही. दाखवायचं तरी काय?

तेव्हापासून सगुणा भिंतीला धरून चालायची. मान वर केली की घेरी. वाकली की घेरी. कधी उलट्या, कधी दिवसभर डोळे मिटून पडणं. आणि दुसऱ्या दिवशी बरी दिसायची, तिथेच घात व्हायचा! लोक म्हणायचे, "काल मरत होती, आज बघा. कामाच्या वेळी बरी येते हिला घेरी." कुणी कांदा हुंगवला, कुणी अंगावरून मीठमोहऱ्या उतरवल्या. आता मला सांगा बाळांनो, आतून फिरणाऱ्या माणसाला कांदा काय करणार? डोळ्यांतून पाणी आलं, तेवढंच.

गावचे मानकरी धाकूआबा. माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलला. ते म्हणाले, "येसू, पोर भ्यायलीय. उंचीची भीती आहे ही. शिमग्याच्या सकाळी हिचं भय मोडू."

भय मोडणं म्हणजे काय? भित्र्या पोराच्या डोळ्यांवर ओली पट्टी बांधायची आणि गावातल्या थोरल्या सुरंगीच्या पहिल्या दुबेळक्यात, जिथे खोडाच्या दोन फांद्या होतात तिथे, त्याला बसवायचं. आबा शेंड्यावरून कळ्या घेऊन उतरेपर्यंत हलायचं नाही. भित्री पोरं अशी खरंच बरी झाली होती. पण घेरी म्हणजे भीती नव्हे! सगुणाचं सगळं जग आता डोळ्यांनी धरलेलं होतं. समोरच्या एका ठिपक्याकडे टक लावून ती कशीबशी उभी राहायची. ते डोळेच बांधायचे ठरले.

"आई, मी पडेन," सगुणा म्हणाली.

"सगळ्यांची पोरं बसतात," येसू म्हणाली, आणि तिने तोंड फिरवलं. लाज वाटायची तिला लेकीची. खरं ते सांगते.

शिमगा चार दिवसांवर आला. सगुणा थोरल्या सुरंगीखाली रांगत रांगत फुलं वेचत होती. रांगताना तिला जरा बरं वाटायचं. इतक्यात खोडाजवळ काहीतरी लुकलुकलं. बघते तर काय, झाडाच्या चिकात एक इवलीशी परी अडकलेली! बोटाच्या पेराएवढी. पंख पांढरेशुभ्र, त्यांना पिवळी झालर, आणि केसांत केसराचे सोनेरी कण. पंख फडफडवून फडफडवून बिचारी दमून गेली होती.

"ओढू नकोस गं, फाटतील," परी कुजबुजली.

सगुणाने ओढलं नाही. आपल्या प्यायच्या पाण्याचा थेंब-थेंब बोटावर घेऊन ती चीक भिजवत बसली. मान वाकवली की घेरी यायची. मग ती कपाळ खोडाला टेकवून थांबायची, आणि घेरी ओसरली की पुन्हा सुरू. ऊन डोक्यावर आलं तेव्हा परी सुटली. परडी रिकामीच राहिली, आणि त्याबद्दल घरी बोलणी बसली ती वेगळीच.

सुटल्या सुटल्या परी तिच्या खांद्यावर येऊन बसली. पंखांतून चमचमता चुरा सांडला.

"एक इच्छा देते तुला. पण नियम आहेत हं. दुःख मला पुसता येत नाही, फक्त उचलून दुसरीकडे ठेवता येतं. तू ज्याचं नाव घेशील त्याच्याकडे तुझी घेरी जाईल. परत हवी झाली तर तुलाच मागावी लागेल. आणि हे सगळं शिमग्याच्या दुपारपर्यंत."

"मला झालंय तरी काय?" सगुणाने विचारलं. आजवर कुणी सांगितलंच नव्हतं तिला.

परी तिच्या कानाशी गेली. "इथे आत, खूप खोल, शंखासारखी एक इवलीशी जागा आहे. तिच्यातलं पाणी सांगतं, वर कुठे, खाली कुठे. तुझं ते पाणी चुकीचं सांगतंय. तू खोटी नाहीस."

हे ऐकून सगुणा रडली. घेरी गेली नव्हती, तरी रडताना तिला हलकं वाटलं.

चार दिवस ती नावं शोधत होती. तिला चिडवणाऱ्या शेजारच्या सुंदरीचं घ्यावं? पण सुंदरी झाडावर चढते, पडली तर? आबांचं? तेही चढतात. म्हातारीकोतारी आणि तान्ही पोरं सोडली तर सुरंगवाडीत चढत नाही असं कोण होतं? ज्याचं नाव घ्यावं त्याचं हाड मोडायचं. रोज परी विचारायची, "सांगतेस नाव?" आणि रोज सगुणा मान न हलवता म्हणायची, "नाही गं."

शिमग्याची सकाळ उजाडली. सगळं गाव झाडाखाली. ओली, गार पट्टी डोळ्यांवर बसली आणि येसूनेच लेकीला उचलून दुबेळक्यात ठेवलं. आबा शेंड्याकडे निघाले. अंधार झाला तशी झाडाची फांदी फिरायला लागली, आभाळ खाली आलं, जमीन वर गेली. कानात किर्र.

"नाव घे!" परी ओरडली. "कुणाचंही घे, पडशील!"

"आबा... वर आहेत, ते पडतील," सगुणा म्हणाली, आणि हात सुटले.

येसू धावली. पोर अंगावर आदळली आणि दोघी पालापाचोळ्यात कोसळल्या. सगुणा जिवंत होती, पण पांढरीफटक. पट्टी सरकली होती आणि डोळ्यांची बुबुळं एका बाजूला सारखी धावत होती, थांबतच नव्हती. ते येसूने पाहिलं. असं कुणाला मुद्दाम करता येतं का हो?

तेवढ्यात दोघींच्या मध्ये सोनेरी उजेड पडला आणि परी सगळ्यांना दिसली. तिने सारं सांगितलं, नियमांसकट.

येसू म्हणाली, "सगुणे, माझं नाव घे."

"नको गं आई."

"घे म्हणते ना! बघू तरी दे मला, तू काय सोसतेस ते."

सगुणाने ओठ हलवले. "आईचं."

आणि येसू, जी वाऱ्यात डुलणाऱ्या शेंड्यावर एका पायावर उभी राहायची, ती सपाट जमिनीवर पालथी पडली. दहाही बोटं मातीत रुतवली. "अगो बाय! जमीन धरा गो माझी! पडते मी, पडते!" तिला भडाभडा उलटी झाली. धाकूआबा अर्ध्या झाडावर थिजून बघत राहिले.

आणि सगुणा उभी होती. सरळ! किती महिन्यांनी जग जागेवर होतं. पांढऱ्या कळ्या जिथल्या तिथे, पिवळ्या मधमाश्या त्यांच्याभोवती, पानांतून निळंनिळं आभाळ, आणि काहीच फिरत नव्हतं. तिने मान वर केली, अगदी वर, आणि तिला हसू आलं. असंच राहावं, असं तिला फार फार वाटलं.

मग तिने आईकडे पाहिलं.

"परी, माझं मला परत दे."

"पुन्हा इच्छा मिळणार नाही."

"ठाऊक आहे. पण दे."

येसूने डोकं उचललं तेव्हा लेक मटकन खाली बसत होती. येसू मातीने भरलेल्या हातांनी रांगत गेली, तिला पोटाशी धरलं आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडली. "रोज असं होतं तुला? आणि मी म्हणायची, ऊठ!"

परीच्या डोळ्यांत पाणी चमकलं. "पुसता येत नाही गं मला," ती म्हणाली, "पण झाडाला सांगता येतं." तिने खोडावर हात फिरवला आणि सगुणाच्या खांद्याएवढ्या उंचीपासून मुळापर्यंत त्या काळ्या सालीवर टपटप टपटप शुभ्र कळ्या फुटल्या. मग परीच्या पंखांचा उजेड वाढत वाढत गेला, डोळे दिपले, आणि परत बघतात तर नुसता सुगंध.

संध्याकाळी होळीत पहिली पडली ती डोळ्यांची पट्टी. धाकूआबांनी स्वतः टाकली.

पुढे येसूने लेकीला तालुक्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषध दिलं, मानेचे व्यायाम शिकवले. घेरी कमी झाली, गेली नाही. दर फाल्गुनात सगुणा जमिनीवरच उभी राहून, एक हात खोडाला धरून कळ्या काढते, आणि तिची परडी भरते.

पण काही सकाळी अजूनही छप्पर फिरतं. तेव्हा येसू कमरेची परडी सोडून ठेवते, अंथरुणाशी बसते, लेकीचे दोन्ही हात हातात घेते, आणि ऊठ म्हणत नाही. म्हणते, "धरलंय गो मी. धरलंय."