आखूड बंदुकीचा अभिप्राय

"ही बंदूक त्या दिवशी माझ्या हातात असती, तर लिंबाजी वाचला असता का नाही? एवढंच सांगा उस्ताद."

रायभाननं हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर उस्ताद खाटेवर बसून नळी साफ करायच्या गजाला चिंधी गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चहा पी."

"चहा प्यायला आलो नाही मी."

"मग निवू दे."

रायभानच्या कानशिलातली शीर उडायला लागली. गेले पाच आठवडे ती अशीच उडत होती. सकाळी उठलं की राग, जेवायला बसलं की राग. बायकोनं मीठ पुढं सरकवलं तरी राग.

उस्ताद पोलिसांच्या शस्त्रागारातून निवृत्त झालेले हवालदार. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खदानीत ते बँकांच्या आणि रोकड नेणाऱ्या कंपन्यांच्या गार्डांना बंदूक शिकवत. तालुक्यात ज्याच्या खांद्यावर बंदूक दिसेल, त्यानं कधी ना कधी त्यांच्या हातचा मार खाल्लेलाच असे. रायभान खरमाटे हा त्यांच्या हाताखालून गेलेला सगळ्यात तयारीचा गडी. हे उस्ताद कधी तोंडानं बोलले नव्हते, पण रायभानला ते पक्कं माहीत होतं.

पाच आठवड्यांपूर्वी बाजारपेठेत कंपनीची गाडी उभी होती. लिंबाजी पैशांची पेटी घेऊन उतरला. मोटारसायकलवरून तिघं आले. एकाच्या हातात गावठी पिस्तूल होतं. लिंबाजी जागेवर पडला... पेटी गेली. गाडीत दुनळी बंदूक घेऊन बसलेल्या रायभाननं एकही बार काढला नव्हता.

बंदूक लांब, गाडीचं दार अरुंद. नळी दारात अडकली. असं त्यानं जबाबात लिहून दिलं होतं.

कंपनीला ते पटलं. सगळ्या चौदा गार्डांना आखूड बंदुका द्यायचं ठरलं. वरची परवानगी मागायची तर जाणकाराचा लेखी अभिप्राय लागतो, म्हणून नमुन्याची एक बंदूक उस्तादांकडं आली होती. आज रायभानला तो कागद न्यायचा होता. कागद गेला की बंदुका येणार, आणि घरी बसवलेला रायभान पुन्हा कामावर घेतला जाणार.

"लिहून द्या आणि मोकळे व्हा," तो म्हणाला.

उस्ताद उठले. त्यांनी नमुन्याची बंदूक उचलली.

हातभर लांबीची. मागं खांद्याला लावायचा लाकडी दस्ता नाही, त्याच्या जागी पिस्तुलासारखी नुसती मूठ. एखाद्या धिप्पाड माणसाचे दोन्ही पाय गुडघ्यापासून काढून टाकावेत, तशी दिसत होती.

"चल," उस्ताद म्हणाले. "बघू तिचं काय चांगलं ते."

खदानीच्या कडेला एका मोडक्या टेम्पोचा सांगाडा होता. सत्तरीचे उस्ताद त्यात चढून बसले, बंदूक मांडीवर घेतली आणि उतरले. पुन्हा चढले, उतरले. मग रायभानला चढवलं.

बंदूक कुठंच लागत नव्हती. एका हातानं मूठ धरली तरी दुसरा हात दार उघडायला मोकळा. सीटच्या फटीत बसत होती, काखेत दबत होती. कोपऱ्यावरून वळताना नळी आधी पुढं जाऊन चाहूल देत नव्हती.

उस्तादांनी खिशातून वही काढली आणि हे सगळं एकेक करून लिहिलं. हात न आखडता लिहिलं. गाडीत सोयीची. अरुंद जिन्यात सोयीची. समोर धरली की दहातले आठ जण नुसत्या बघण्यानंच मागं सरतील.

रायभानच्या जिवाला जरा थंडावा मिळाला. म्हातारा तिरसट आहे, पण खोटं लिहिणारा नाही, असं त्याला वाटलं.

"आता तिचं वाईट," उस्ताद म्हणाले.

त्यांनी बांबूच्या तीन चौकटींवर माणसाच्या उंचीचे वर्तमानपत्राचे कागद चिकटवले होते. तिन्ही शेजारी शेजारी उभे केले. सात पावलांवर रायभानला थांबवलं.

"मधला दरोडेखोर."

"आणि बाजूचे?"

"लागल्यावर सांगतो."

रायभान हसला. आखूड नळीतून छर्रे पंख्यासारखे पसरतात, नेम धरायचं कामच नाही, हे त्याला गार्डांच्या खोलीत दहा जणांनी सांगितलं होतं. त्यानं बंदूक कमरेशी धरली आणि चाप ओढला.

खदान दणाणली. नळीच्या तोंडातून वीतभर जाळ निघाला. मनगटात अशी कळ गेली की बंदूक त्याच्या नाकापर्यंत उसळली.

मधला कागद जसाच्या तसा उभा होता.

डावीकडच्या कागदाला छातीच्या जागी भोक पडलं होतं. उस्तादांनी जाऊन त्यावर आपला पंजा ठेवला. भोक पंजाखाली झाकून गेलं.

"हा तुझा पंखा," ते म्हणाले.

रायभाननं मनगट चोळलं. कानात शिट्टी वाजत होती. उघड्यावर ही गत, तर गाडीच्या पत्र्यात काय होईल, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो झटकला.

"पहिला बार होता. हात बसला नव्हता. परत टाकतो."

दुसऱ्या बाराला त्याचा डावा हात धक्क्यानं पुढं घसरला. बोटं नळीच्या तोंडापासून चार बोटांवर जाऊन थांबली. छर्रे कागदांच्या वरून दगडात गेले. तो चिडला, शिवी हासडली आणि हे सांगायला उस्तादांकडं वळला की ही मूठच साली गुळगुळीत आहे...

खाडकन गालावर बसली.

म्हाताऱ्या हातात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं. त्यानं खाली बघितलं. आखूड नळी त्याच्याबरोबर वळली होती आणि उस्तादांच्या पोटावर रोखलेली होती.

त्यानं ती झटकन खाली केली.

"लांब नळी वळवायला वेळ लागतो," उस्ताद म्हणाले. त्यांनी बोटानं नळी आणखी खाली दाबली. "तेवढ्या वेळात माणूस भानावर येतो. हिच्यात तेवढा वेळ नाही."

गाल चोळत रायभान उभा राहिला. आता मात्र त्याचा बांध फुटला. त्यानं सगळं काढलं. तुम्हाला इथं खदानीत बसून बोलायला काय जातं. ती सगळी तुमची पोरं मला रोज टोमणे मारतात, काय रायभान, दार उघडायची प्रॅक्टिस झाली का म्हणतात. लिंबाजीची बायको गयाबाई पहिल्या दिवशी म्हणाली, भाऊ, हातात बंदूक होती ना तुमच्या... तेव्हापासून त्या घरी जाऊन मी मान खाली घालून बसतो. ती बाई त्या लांब बंदुकीला शिव्याशाप देते. मी ऐकतो. तुम्ही ऐकता का?

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते खोलीत गेले आणि जुनी दुनळी घेऊन आले. उघडून दाखवली, रिकामी होती. ती त्यांनी रायभानच्या हातात दिली.

"टेम्पोत बस."

"कशाला?"

"बस."

तो बसला. उस्ताद मागं गेले. बराच वेळ काही झालं नाही. वर घार फिरत होती. रायभानला वाटलं, म्हातारा गेला की काय घरात.

"उतर," मागून जोरात आवाज आला.

आणि रायभान उतरला.

नळी आधी वर गेली, दस्ता कमरेशी आला, खांद्यानं दार ढकललं, डावा पाय जमिनीवर, नळी खाली, दस्ता खांद्याला, गाल लाकडाला. एक श्वास पुरा व्हायच्या आत. खदानीत तेरा दिवस, रोज शंभर वेळा, उस्तादांनी छडी घेऊन त्याच्याकडून हे करून घेतलं होतं.

तो नेम धरून तसाच उभा राहिला.

बंदूक कुठंही लागली नव्हती.

...

"याचं दार मोठं आहे," तो म्हणाला.

"तुमच्या गाडीपेक्षा चार बोटं अरुंद आहे. मी मोजलंय. परत बस."

तो परत बसला. या वेळी त्यानं नळी दारात अडकवायचं ठरवलं. ती अडकली, पण ती कशी अडकवली हे दोघांनाही दिसलं. एखाद्यानं मुद्दाम ठेच लागल्यासारखं करावं, तसं ते दिसलं.

रायभान टेम्पोच्या पायरीवर बसला. दुनळी मांडीवर आडवी.

उस्ताद समोर उभे होते. विचारत नव्हते. जातही नव्हते.

"नळी बाहेर आली होती," रायभान अखेर म्हणाला. "पिस्तूलवाला पुरा नेमात होता. बारा पावलं."

"मग?"

"त्याच्या मागं कासाराची हातगाडी होती. एक बाई बांगड्या भरत होती. तिचा हात कासाराच्या हातात, बांगडी अर्धी चढलेली. मी म्हटलं, ही हलू दे... आता हलेल. ती हललीच नाही. तिला काही माहीतच नव्हतं."

"आणि?"

"तेवढ्यात त्यानं लिंबाजीवर झाडली. आणि पळाले."

खदानीच्या तळाला साचलेल्या पाण्यात एक बगळा उतरला. दोघं तिकडं बघत राहिले.

"बघत उभा राहिला म्हणाले असते सगळे," रायभान म्हणाला. "भ्याला म्हणाले असते. म्हणून मी..."

"म्हणून बंदुकीवर ढकललंस."

"बंदुकीला काय फरक पडतो?"

उस्तादांचा चेहरा असा काही तापला की आता दुसऱ्या गालावर बसणार, असं रायभानला वाटलं. पण त्यांनी फक्त ती आखूड बंदूक उचलली आणि त्याच्या पायाशी ठेवली.

"चौदा पोरं," ते म्हणाले. "ही कमरेशी धरून बाजारात उतरतील. तुझ्या शब्दावर. त्यांना ती बाई दिसेल का?"

रायभाननं मान फिरवली. डावीकडचा कागद वाऱ्यानं फडफडत होता.

उस्तादांनी खाटेवर बसून अभिप्रायाचा कागद लिहायला घेतला. बंदुकीचं चांगलं जेवढं होतं तेवढं वर लिहिलं, त्यातलं एकही गाळलं नाही. खाली वाईट लिहिलं. दस्ता नसल्यानं धक्का मनगटावर येतो. नेम धरावाच लागतो आणि धरता येत नाही. हात नळीपुढं जातो. नळी आपल्याच माणसावर फिरते. गर्दीत देऊ नये.

मग ते थांबले आणि कागद, पेन रायभानपुढं केलं.

"ही मागणी कशावरून आली, ते तू लिही. सही तुझी."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल."

"आणि खोटा जबाब दिला म्हणून पोलीस..."

"बोलावतील. मी येईन बरोबर. बाकडी माझ्या ओळखीची आहेत तिथली."

रायभाननं पेन हातात धरलं. मनगट सुजलं होतं, अक्षरं वेडीवाकडी येत होती. चार ओळी लिहायला त्याला टेम्पोतून शंभरदा उतरण्याइतका घाम आला. बंदूक अडकली नव्हती. मी नेम धरला होता. मागं बाई होती. मी बार काढला नाही.

उस्तादांनी वाचलं. एक अक्षर बदललं नाही. घडी घातली आणि खिशात ठेवली.

"मी झाडायला पाहिजे होती का, उस्ताद?"

...

"सांगा ना. बरोबर केलं का चूक केलं?"

उस्तादांनी पायात चपला सरकवल्या.

"तिचं घर कुठं आहे?"

"कुणाचं? बांगडीवालीचं? मला काय माहीत."

"लिंबाजीच्या बायकोचं."

उस्तादांच्या लुनावर मागं बसून रायभान वाट दाखवत गेला. म्हातारा खड्डे चुकवत नव्हता. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गयाबाईच्या दाराबाहेर लिंबाजीच्या खाकी पँटची पिशवी शिवून टांगलेली होती, तिच्यात कांदे होते.

दार लोटलेलं होतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

रायभान दोन पावलं अलीकडं थांबला. इतके दिवस तो या दारातून तडक आत जात असे.

"काय सांगू तिला?" तो हळूच म्हणाला. "एका परक्या बाईसाठी तुझा नवरा जाऊ दिला, असं सांगू?"

आतला आवाज थांबला. बाहेर कुणी आहे हे तिला कळलं असावं.

"सांगा ना उस्ताद. कुणामुळं गेला म्हणून सांगू?"

उस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा नीट बसवली.

"मागं कोण आहे ते बघूनच झाडायचं, हे तेरा दिवस तुला मी शिकवलं," ते म्हणाले. "माझ्यामुळं गेला, असं मी सांगतो. तू कडी वाजव."