सरासरीचा दोर

गडाच्या पायथ्याला म्हादू नावाचा एक पाथरवट राहायचा, आणि ठकू नावाची त्याची बायको. तो गडाच्या नव्या तटासाठी दगड फोडायचा, ती गड्यांसाठी गडावरच्या सहा विहिरींचं पाणी ओढायची.

कारभारी विसाजीपंतांनी आठ दिवस सगळ्या गड्यांचं खाणं मोजलं, त्याची सरासरी काढली आणि माणशी तीन भाकरींचा शिधा ठरवून टाकला. म्हादू थोराड हाडाचा, त्याला सगळ्यांत जास्त, पाच लागायच्या. महिनाभरात घण उचलताना त्याला घेरी यायला लागली. मुकादमानं बजावलं, "उद्यापासून काम जमलं नाही, तर गड उतरायचा."

ठकू जास्तीच्या भाकरी मागायला पंतांकडे गेली. पंत म्हणाले, "सरासरी आहे बाई ती. कुणावर अन्याय नाही. ज्याला कमी पडेल त्यानं भूक आवरावी."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पंत वरच्या, सगळ्यात खोल विहिरीवर पाणी प्यायला आले. ठकूनं पोहरा सोडला, तो पाण्याच्या चार हात वरच लोंबकळत राहिला.

"दोर आखूड कसा गं?"

"सहाही विहिरी मोजल्या, पंत. सरासरी काढली आणि तेवढेच दोर कापले. तीन विहिरींत पोहरा बुडतो. या विहिरीवर जो येईल त्यानं तहान आवरावी."

पंत कोरड्या ओठांवर जीभ फिरवत विहिरीत डोकावले. मग हळूच म्हणाले, "मग दोर केवढा हवा?"

"खोल विहिरीला पुरेल एवढा. उथळ विहिरीवर उरला, तर काठाशी वेटोळं होऊन पडेल. त्यानं कुणी तहानलेलं राहत नाही."

त्याच संध्याकाळी शिधा माणशी पाच भाकरींचा झाला. शिधा वाटायचं काम पंतांनी ठकूलाच दिलं, धान्याच्या कोठीची किल्ली तिच्या कमरेला आली, आणि तट पुरा होईस्तोवर म्हादू पोटभर जेवून घण चालवत राहिला.