सहाव्या जिझोचं लाळेरं

“…आणि ज्याला वाचवताच येत नाही, तो वीर कसला?”

इगाराशीनं प्रश्न पुरा केला, तेव्हा आन्जु-सान पाचव्या मूर्तीचे कान काथ्याच्या ब्रशनं घासत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“बादलीतलं पाणी संपलंय,” त्या म्हणाल्या.

तो मुकाट्यानं झऱ्यावर गेला आणि बादली भरून आणली. सकाळपासूनची ही तिसरी.

खिंडीतल्या त्या एका खोलीच्या मठात आन्जु-सान चाळीस वर्षं एकट्या राहत होत्या. आन्जु म्हणजे मठ सांभाळणारी संन्यासिनी, आणि सान हे आदरानं जोडायचं. त्यांचं खरं नाव खालच्या गावात कुणाला आठवत नव्हतं, आणि त्यांचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. मठासमोर वाटेच्या कडेला जिझोच्या सहा दगडी मूर्ती होत्या. जिझो हा वाटसरूंचा आणि लेकरांचा राखणदार, त्यातही आईबापांच्या आधी गेलेल्या लेकरांचा. गुडघ्याएवढा, तुळतुळीत डोक्याचा, मिटल्या डोळ्यांचा. ज्यांचं मूल गेलं त्या बाया चढण चढून येतात आणि त्याच्या गळ्यात लाल लाळेरं बांधून जातात. पाचांच्या गळ्यात ती होती. सहाव्याचं गेल्या हिवाळ्यात कुजून गळून पडलं होतं.

इगाराशी तोक्योहून आला होता. तो चित्रकथा काढायचा. नाव झालेलं होतं, आणि ते झालंय हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. त्याची टूम अशी होती, की परदेशी चित्रकथांमधले सुपरहिरो आपल्या मातीत जन्मले असते तर कसे दिसले असते ते काढायचं. आकाशात भराऱ्या मारणारा त्यानं तेंगू केला, डोंगरातला लांब नाकाचा पंखवाला. भिंती फोडणारा झाला ओनी, शिंगवाला राक्षस. पाण्यातला झाला काप्पा, नदीत राहणारा, ज्याची सगळी ताकद डोक्यावरच्या वाटीभर पाण्यात असते. लोकांनी अंक डोक्यावर घेतले होते.

आल्या आल्या त्यानं ते अंक आन्जु-सानांपुढे ठेवले होते. त्यांनी एकेक पान सावकाश पाहिलं. कौतुकाचा शब्द येईल म्हणून तो थांबला होता. त्या काप्पाच्या चित्राशी थांबल्या आणि त्याच्या डोक्यावर झाकण कसलं, असं विचारलं.

ते आपल्याला सुचलं, असं त्यानं अभिमानानं सांगितलं. जुन्या लोककथांतला काप्पा पडला शिष्टाचाराचा पक्का. समोरच्यानं वाकून नमस्कार केला की तोही वाकतो, पाणी सांडतं आणि ताकद जाते. वीर असा हरून कसं चालेल? म्हणून घट्ट काचेचं झाकण.

“म्हणजे आता कुणी कितीही वाकलं तरी…”

“थेंब सांडत नाही.”

“हं…” आन्जु-सान म्हणाल्या, आणि ब्रश घेऊन बाहेर गेल्या. त्याला हे झोंबलं. साठ हजार माणसं विकत घेऊन वाचतात ते चित्र, आणि या बाईला दगड घासायची घाई. तरी तो उठून त्यांच्यामागे गेला, कारण त्याची गरज मोठी होती.

मालिकेतला शेवटचा आणि सगळ्यांत मोठा वीर राहिला होता, लाल केपवाला. आधीच्या अंकांत तो नुसता ढगांतून ओझरता दिसायचा आणि खाली ओळ असायची, ज्याचं कुणी नाही त्याच्यासाठी तो येतो. या वीराचा इगाराशीनं जिझो केला होता. लाल कापड तर आयतंच होतं. पुढचं मागे नेलं की केप तयार. त्यानं तो अकरा वेळा काढला. अकराही वेळा कागदावर नुसता दगड उतरला, उडणारा दगड. पान परवापर्यंत द्यायचं होतं.

पण पानासाठी माणूस इतकी चढण चढत नाही. खरं कारण त्याच्या पिशवीत होतं, आणि दुपारी तिसरी बादली ओतून झाल्यावर त्यानं ते बाहेर काढलं.

समुद्राकाठच्या एका गावातल्या बाईचं पत्र होतं. चार महिन्यांपूर्वी आलेलं. तिचा मुलगा सोरा आठ वर्षांचा होता, वर्षभर इस्पितळात होता. आन्जु-सानांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून इगाराशीनंच वाचून दाखवलं.

“सोरा शेवटपर्यंत खिडकीकडे तोंड करून निजायचा. तुमचा लाल केपवाला आला नाही याचा मला राग नाही. पण तो येतो असं तुम्ही लिहिलं होतं, म्हणून विचारते. तो कुठे होता?”

पत्रासोबत तिनं पोराची केप पाठवली होती. लाल सुती कापड, गळ्याशी दोन बंद. अंथरुणात बसल्या बसल्या तो ती घालायचा.

“चार महिने झाले,” इगाराशी म्हणाला. “मी उत्तर दिलेलं नाही. काय देणार…”

आन्जु-सानांनी केप हातात घेतली आणि किनार बोटांनी चाचपत गेल्या. किनारीत दोन बोटं कापड आत दुमडून टाके घातले होते. शिवण घाईची असावी, जास्तीचं कापड कापायचं राहिलं असावं, असं इगाराशी म्हणाला. आन्जु-सानांची बोटं तिथंच राहिली.

मग त्यांनी केप त्याच्या हातात दिली आणि सहाव्या मूर्तीकडे हनुवटीनं खूण केली.

त्याला आवडलं ते. निदान आता त्याची कल्पना त्यांना दिसेल. तो मूर्तीच्या मागे उभा राहिला, केप तिच्या पाठीवर टाकली, बंद गळ्याशी बांधले आणि चार पावलं मागे सरकला. खिंडीतलं वारं कापडात शिरलं. केप फडफडली. दगडाचा तो ठेंगणा देव आता उडेल की मग उडेल असा दिसायला लागला. इगाराशीचा हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. हेच तर अकरा वेळा जमलं नव्हतं.

“बघितलंत?”

“पुढं ये,” आन्जु-सान म्हणाल्या.

तो पुढं आला. पुढून गळा उघडा होता, आणि त्या उघड्या गळ्यावर दोन बंद आवळले गेले होते. मागून वारं ओढत होतं. लहान मुलाला कुणी मागून गळ्याला धरून खेचावं, तसं दिसत होतं ते. त्यानं पेन्सिल परत खिशात ठेवली.

“सोड. पुढून बांध. मागे जायचं नाही.”

त्यानं केप सोडली. पुढून बांधायची म्हणजे लाळेऱ्यासारखी, गाठ मानेमागे. उभ्यानं वाकून पाहिलं, हात पोचेनात. बसून पाहिलं, तरी जमेना. शेवटी शहरी पँटीनिशी तो चिखलात गुडघे टेकून बसला आणि मूर्तीच्या गळ्यात दोन्ही हात घालून मागे बंद शोधू लागला. गाठ दिसत नव्हती. बोटांनीच समजून घ्यावी लागत होती. त्यासाठी आणखी पुढं सरकावं लागलं, इतकं, की त्याचा गाल त्या गार, ओल्या गालाला लागला.

एक बंद सापडला. दुसरा निसटला. पुन्हा सापडला…

आन्जु-सान थांबल्या होत्या. वाट रिकामी होती.

इगाराशीच्या मनात एकच आलं, की सोराच्या आईनं हे रोज केलं असणार. इस्पितळात, रोज सकाळी, याच अंतरावरून. आणि त्याला रडू आलं. मोठ्या माणसानं चिखलात बसून रडावं तसा तो रडला, नाक ओढत, हात न सोडता.

“तिला काय लिहू?” त्यानं विचारलं. “कुठे होता म्हणून सांगू?”

वारं वाढलं होतं. कापड जायला नको म्हणून त्यानं गाठ घातली आणि चांगली आवळली.

आन्जु-सान खाली वाकल्या. गुडघे कुरकुरले. त्यांनी बंद आणि दगडाची मान यांच्यामध्ये बोट घालून पाहिलं. बोट जाईना.

“सैल बांध,” त्या म्हणाल्या. “वाढतं अंग आहे.”