उंबरडोहाची पांढरी पट्टी

खडकजांबच्या उंबरडोहावर एक नियम आहे आणि तो का आहे, हे विचारायचं नाही. बाप्तिस्मा घ्यायला पाण्यात उतरणाऱ्या बाईचे दोन्ही हात मनगटापाशी पांढऱ्या पट्टीने बांधायचे. पुरुषाचे नाहीत. अनुग्रहा उजागरेने लहानपणी एकदा कारण विचारलं होतं, तेव्हा दीनाआत्याने तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

डोह तसा मोठा नाही. नदी इथे काळ्या खडकाला अडून वळते आणि वळणावर पाणी गर्द हिरवं होतं. काठावर एक जुनाट उंबर आहे. त्याची एक जाड मुळी थेट पाण्यात उतरली आहे आणि तिला पट्ट्या बांधलेल्या असतात. नव्या पांढऱ्या, जुन्या शेवाळून काळपट झालेल्या. नवखा माणूस आधी त्याच बघतो.

त्या वर्षी अनुग्रहाचा बाप्तिस्मा होता. कॉलेज संपवून ती गावी आली होती आणि तिला तो मनापासून हवा होता, घरच्यांनी ढकललं म्हणून नव्हे. जुना माणूस पाण्यात पुरायचा, ख्रिस्ताबरोबर नवा वर यायचा, हे तिने स्वतः वाचून, रडून, भांडून पटवून घेतलं होतं. अडत होतं ते फक्त मनगटापाशी.

शहरातल्या चर्चच्या मंडळीचे पाहुणे आले होते. काठावर सतरंज्या अंथरल्या होत्या. मंडळीतले सर्वांत थोर वडील देवदानबाबा यांनी रिवाजाप्रमाणे गोष्ट सांगायला घेतली. अनुग्रहा पांढरी साडी नेसून पुढेच बसली होती. शंभरदा ऐकलेली ती गोष्ट तिने त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकली. त्या दिवशी हात तिचे होते.

फार मागची गोष्ट, असं सांगतात. तेव्हा खालच्या आळीला या डोहाचं पाणी बंद होतं. गावाची ढोरं इथे पीत, कुत्री पीत. पण आळीतल्या माणसाची सावली पडली तरी पाणी बाटायचं. त्याच आळीत प्रभूचं वचन आलं आणि काही घरांनी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. दिवस उन्हाळ्याच्या अखेरीचे. नदीला दुसरीकडे घोट्याएवढंही पाणी नव्हतं. आळीतली वडीलमंडळी पाटलाच्या पायरीखाली जाऊन उभी राहिली.

पाटील म्हणे हसला. म्हणाला, "बुडायचं तर बुडा. पण ओंजळ भरून कुणी पाणी प्यायचं नाही. हात बांधून उतरायचं."

वडीलमंडळींनी मान डोलावली.

"आणि हात बांधले म्हणून बिघडलं काय?" देवदानबाबा पाहुण्यांना म्हणाले. "समर्पण म्हणजे तरी दुसरं काय असतं? आपले हात आपले राहत नाहीत."

सगळ्यांत आधी सरूबाई उतरली. लुगड्याच्या पदराची पट्टी फाडून तिचे हात बांधले होते. पाटलाची माणसं खडकावर राखणीला बसली होती. सरूबाई कंबरभर पाण्यात पोचली आणि वरच्या डोंगरात पडलेल्या वळवाचा लोंढा वळणावर येऊन आदळला. बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकाने उंबराची मुळी धरली. काठालगतच्यांनीही तीच धरली. ती सरूबाईच्या अगदी जवळ होती. तिला धरता आली नाही.

"तिने हाक मारली नाही म्हणे," बाबा म्हणाले. "प्रभूने तिला पाण्यातूनच नेलं. पुरतं समर्पण! तेव्हापासून आपल्या बाया तिची आठवण म्हणून हात बांधून उतरतात आणि वर आल्यावर पट्टी त्या मुळीला बांधतात."

पाहुण्यांतल्या एका बाईने डोळे टिपले. दीनाआत्या पट्टी घेऊन पुढे आली. "आण हात."

अनुग्रहाने हात पुढे केले नाहीत.

"बाबा, अट पाटलाची होती ना?"

"होती. मग?"

"आपण पाणी पिऊ नये म्हणून."

"बीए झाली म्हणून पाणी कमी ओलं लागणार आहे का तुला?" आत्या दबक्या आवाजात करवादली. "गप हात कर. पाहुणे बघतायत."

"बघू देत, आत्या. पाटलाची पाटीलकी गेली. आळीत नळ आला. पुरुषांच्या हातची पट्टी कधी सुटली, ते इथे कुणाला आठवतही नाही. आमची तेवढी प्रभूने बांधली होय?"

"पोरी," बाबा म्हणाले, "सरूबाईने मान लववली. तू तिच्याहून मोठी लागून गेलीस?"

"तिने मान प्रभूपुढे लववली, बाबा. हात आपल्या माणसांनी बांधले, आणि ती बुडाली त्याला समर्पण म्हणाले. मला सगळं द्यायचंय त्याला. बांधलेल्या हातांनी काय देऊ? मी अशीच उतरणार."

ती उतरली. कंबरभर पाण्यात गेल्यावर तिने आधी ओंजळ भरली आणि सगळ्यांदेखत प्यायली. मग मोकळे हात पुढे धरून, पाण्यात आधीच उभ्या असलेल्या पाळकांकडे वळली. पाळकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पाण्याकडे पाहिलं. बाप्तिस्मा आपला आपण घेता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी हातांवर स्वतःला सोडावं लागतं. हे काठावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि पाण्यातल्या तिलाही. उंबराची सावली तिच्यावरून सरकून पलीकडच्या खडकावर गेली तरी एकही हात पुढे आला नाही.

आजही बाप्तिस्म्याच्या दिवशी मुळीला नव्या पट्ट्या बांधल्या जातात. आजही त्या दिवशी एक बाई सर्वांआधी येऊन कंबरभर पाण्यात उभी राहते, हात मोकळे, पुढे धरलेले. सरूबाईची गोष्ट ऐकता ऐकता कुणी तरी पाहुणा विचारतोच, "ती कोण? तिला का ताटकळत ठेवलंय?"

तिथे गोष्ट थांबते. वडीलमंडळी एकमेकांकडे बघत नाहीत, आणि डोहाचं पाणी खडकाला लागल्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहतो.