पाठमोरा नवस

“तिथं जाऊन मी काय मोठी होणार आहे, बुवा? तेवढं एक सांगा.”

वैजयंतीच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. नुकतीच ती कृष्णामाईच्या पात्रातून वर आली होती. धाप लागलेली नव्हती. धाप तिला लागतच नसे.

गुंडूबुवा मठीच्या पायरीवर बसून सुक्या भोपळ्यांना दोऱ्या बांधत होते. नवशिक्या पोरांच्या पाठीला हेच भोपळे बांधून बुवांनी अख्ख्या गावाला पोहायला शिकवलं होतं. वैजूलाही.

त्यांनी हातातली गाठ जरा जास्तच घट्ट ओढली.

दोन पायऱ्या खाली शालनबाई बसल्या होत्या. वैजूची आई. हातात लेकीचा टॉवेल, तोंड देवळाकडं, पाठ नदीकडं.

त्या तशाच बसत. वैजू सातवीत असताना पोहण्यात जिल्ह्यात पहिली आली, त्या दिवशी त्यांनी कृष्णामाईची ओटी भरली आणि मनातल्या मनात नवस बोलला होता. ‘माझ्या लेकीला मोठ्या विद्यापीठाचं दार उघडू दे. तोवर मी तिला पोहताना बघणार नाही.’

आवडीचं सोडावं तर खरंखुरं आवडीचं सोडावं. साखर सोडून देवाला फसवता येत नाही, असं त्यांचं मत होतं. आणि नवस उघड बोलला की उणा होतो, म्हणून घरात कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता.

विद्यापीठच का, तर त्यांचा थोरला भाऊ. कबड्डीत तालुक्यानं खांद्यावर घेऊन नाचवलेला. एका सामन्यात गुडघा गेला, आणि आता तो साखर कारखान्याच्या फाटकावर बसून गाड्यांचे नंबर लिहितो.

काल संध्याकाळी पत्र आलं. उत्तरेतलं ते नावाजलेलं विद्यापीठ, खेळाडूंच्या जागेवर प्रवेश, राहणं-जेवण सगळं त्यांच्याकडं. शालनबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

आणि वैजू म्हणाली, “मी जाणार नाही.”

म्हणून आज दोघी बुवांपुढं.

“मोठी म्हणजे?” बुवांनी विचारलं.

“म्हणजे... पोहण्यात. तुमच्याकडंच शिकलेली आमची मैथिलीताई गेली ना तिथं? पहाटे तलाव, मग वर्ग, मग प्रयोगशाळा. रात्री पुस्तकावर डोकं ठेवून झोपते म्हणे. गेली तेव्हा पोहण्याची जी वेळ होती, तीच अजून आहे. आणि वर्गातल्या मुली विचारतात, ‘तू खेळावर आलीस ना?’ म्हणजे मार्कांवर नाही, असं.”

“आलीच आहे की ती खेळावर.”

“तसं नाही हो बुवा. विचारण्यात फरक असतो.”

“असतो,” बुवा म्हणाले. “पाणी कसं आहे तिथलं?”

“निळं. काचेसारखं. तळ दिसतो.”

“बरं आहे की.”

“वाहत नाही, बुवा.”

...

शालनबाईंना राहवेना. “अगं, पण तिथले शिक्षक, तिथली माणसं... तिथून बाहेर पडलेल्या माणसाला कुणी फाटकावर बसवत नाही. शिक्षण राहतं गं वैजू. खांदा राहत नाही.”

“तुला काय माहीत खांदा काय असतो ते?” वैजू फिरली. “एकदा तरी बघितलंयस मला पोहताना? रोज येतेस आणि पाठ करून बसतेस. सगळा गाव बघतो माझ्याकडं, तू देवळाच्या भिंतीकडं बघतेस!”

शालनबाईंनी टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

काय सांगणार? डोळ्यांनी सोडलेलं सगळं कानांनी गोळा केलं होतं त्यांनी. लेकीचे हात पाण्यावर कसे पडतात, जुन्या पुलाच्या खांबाजवळ ती वळते तेव्हा आवाज कसा क्षणभर हरवतो, आणि तो परत येईपर्यंत आपला जीव कुठं जातो... सगळं पाठ होतं. डोळे मिटून त्या चित्र जुळवायला बघत. जुळत नसे. समोर यायची ती भोपळा बांधलेली लहान वैजूच.

बुवांनी विषय बदलला. “इथं राहून काय करशील?”

“इथलं कॉलेज. ही नदी. तुम्ही.”

“आणि तुझ्या पुढं कोण जाईल?”

“कुणीच नाही.” वैजूनं मान ताठ केली. “या पात्रात माझ्या पुढं जाणारं कुणी नाही, बुवा.”

“खरं आहे. तुला बघून म्हशीसुद्धा वाट सोडतात.”

वैजू हसली. मग हसू हळूहळू ओसरलं.

...

“शालनबाई,” बुवा म्हणाले, “पत्र आलं ना? मग अजून पाठ का?”

शालनबाई दचकल्या. “बुवा, तुम्हाला कुणी...?”

“रोज एक बाई नदीवर येते आणि नदीकडं पाठ करून बसते. नवस नसेल तर काय नदीशी भांडण आहे?”

मग त्यांना सांगावं लागलं. खालच्या मानेनं, तुटक तुटक सांगितलं. ओटी, नवस, सोडलेलं...

वैजू आईकडं वळली.

“म्हणजे... राज्य स्पर्धेला दिसली नाहीस, ती...?”

“फाटकाबाहेर उभी होते. लाउडस्पीकरवर तुझं नाव ऐकलं. शेजारच्या भेळवाल्यानं मला फुकट भेळ दिली.”

“मला वाटलं, तू आलीच नाहीस.”

“आले होते गं.”

“मला वाटलं, तुला आवडतच नाही माझं...”

वैजू आईच्या पायरीवर येऊन बसली. ओल्या अंगानं, अगदी चिकटून. शालनबाईंचं लुगडं भिजलं, त्यांनी भिजू दिलं.

“मग आता वळ ना, आई. पत्र आलंय. संपला नवस.”

“वळता येत नाही.”

“आता काय राहिलं?”

“सोडलेली वस्तू आधी दान द्यायची असते, मग आपण घ्यायची. चातुर्मासात वांगी सोडली होती, तेव्हा आधी टोपलीभर वांगी जोशीकाकूंना दिली, मगच घरात भरीत केलं. पण हे...” त्यांचा आवाज खाली गेला. “वांगी टोपलीत घालून देता येतात. हे मी कुणाला देऊ? कसं देऊ? रात्रभर तोच विचार करतेय.”

वैजूला हसावं की रडावं कळेना. मग ती एकदम म्हणाली, “ठरलं. मी कुठंही जात नाही. इथंच राहते. रोज पोहते, तू रोज बघ. जन्मभर बघ.”

शालनबाईंच्या काळजात लख्ख उजेड पडला. खोटं कशाला बोला? हेच तर हवं होतं त्यांना. ही नदी, ही पायरी, आणि डोळे भरून लेक. एक शब्द ‘हो’ म्हणायचा अवकाश होता.

त्यांनी टॉवेल घट्ट धरला.

“नको बाळा,” त्या म्हणाल्या. “मग मी सोडलं ते कशासाठी?”

...

बुवांनी भोपळे बाजूला ठेवले. उठले. कमरेत वाकलेलं अंग, तरी दोन पायऱ्या उतरून शालनबाईंसमोर आले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. दारात आलेला गोसावी पसरतो तसे.

“हे काय, बुवा?”

“दानाची पोचपावती देतोय. तुम्ही जे बघितलं नाहीत, ते रोज कुणी बघितलं? या मठीच्या पायरीवर दुसरं कोण बसत होतं?”

शालनबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या.

“इतकी वर्षं तुमचं दान खातोय मी, बाई. असा दाता कुणाला भेटत नाही... आता वळा.”

वैजू कधीच खाली धावली होती. पायऱ्या संपायच्या आत तिनं पाण्यात अंग टाकलं.

शालनबाईंनी पदर सावरला, मनातल्या मनात कृष्णामाईला हात जोडले. आणि वळल्या.

उन्हं नुकती पात्रावर आली होती. मधोमध एक सरळ रेघ पुलाकडं निघाली होती. रेघेच्या टोकाला त्यांची लेक.

हात पडण्याचा आवाज ओळखीचा होता. पण हात असे उचलतात, कोपरापासून, जणू पाण्याखालून काही काढून दाखवावं, हे आवाजात नव्हतं. खांदे एवढे रुंद झाले, तेही कुणी सांगितलं नव्हतं.

आणि श्वास घेताना तिचं तोंड पाण्याबाहेर येत होतं, ते घाटाच्या बाजूला.

खांबाजवळ ती वळली. आता घाट दुसऱ्या हाताला आला. वैजूनं श्वासाची बाजू बदलली. पुन्हा तोंड घाटाकडंच.

“किती वेळा सांगितलं, एका बाजूनं घे, वेळ वाचेल,” बुवा पुटपुटले. “ऐकत नाही.”

शालनबाईंना खालची पायरी दिसेनाशी झाली. प्रत्येक श्वासाला लेकीनं इकडं बघितलं होतं, आणि प्रत्येक श्वासाला तिला आईची पाठ दिसली होती.

तरी ती बाजू बदलत राहिली होती.

...

वैजू बाहेर आली. यावेळी तिला धाप लागली होती.

“बघितलंस?”

“बघितलं.”

“कशी पोहते मी?”

“चांगली पोहतेस,” शालनबाई म्हणाल्या. एवढंच जमलं त्यांना. टॉवेल तिच्या डोक्यावर टाकून त्या केस पुसू लागल्या, लहानपणी पुसत तसे, जरा जोरानं.

टॉवेलाच्या आतून वैजूचा आवाज आला. मघाचा तोरा त्यात नव्हता.

“बुवा, खरं सांगू? तिथं माझ्या पुढं जाणाऱ्या पोरी असतील. पुष्कळ असतील. अभ्यासातही, पाण्यातही. आणि एखाद्या दिवशी मीच विसरले तर? ही नदी, तुम्ही, पोहायला का लागले ते... सगळंच?”

तिनं टॉवेल डोक्यावरून खाली ओढला.

“आई म्हणते म्हणून जाईन मी. पण ते विद्यापीठ एवढ्या मोलाचं आहे का, ते तुम्ही अजून सांगितलंच नाहीत.”

बुवांनी नदीकडं बघितलं. मग शालनबाईंकडं.

“मला काय विचारतेस? आईनं केलं तसंच तू कर, पोरी... पाठ फिरव, पण घाट सोडू नकोस.”