मिठावरचं भाषण

कनकपूरचे राजे चंद्रकेतू बोलायला उभे राहिले की ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. एकदा भर दरबारात ते गरजले, "आमच्या राज्यात मिठाची टंचाई मुळीच होणार नाही. कुणी चिंता करू नये."

दिवेलागणीपर्यंत बाजारात चिमूटभर मीठ उरलं नाही. राजे खवळले. कोतवाल रखमाजींना त्यांनी फर्मावलं, "कुणीतरी अफवा उठवली आहे. त्याला उद्या हजर करा, नाहीतर सगळे मीठवाले तुरुंगात जातील."

मीठवाल्यांचा यात काही दोष नाही, हे रखमाजी जाणून होते. ते दारोदार हिंडले आणि दुसऱ्या दिवशी एकटेच दरबारात आले.

"महाराज, मी प्रत्येकाला विचारलं, टंचाई येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं? सगळे म्हणाले, टंचाई येणार नाही असं महाराजांनी सांगितलं, तेव्हाच आम्हाला कळलं."

राजे उठून खिडकीशी गेले आणि खालच्या ओसाड बाजाराकडे बघत राहिले.

"एका वाक्यानं एवढं होतं?"

"आपल्या वाक्यानं होतं, महाराज. आमच्या शंभर वाक्यांनी व्हायचं नाही."

"मग उद्या आणखी एक भाषण करतो."

"खुशाल करावं. फक्त त्यात तेलाचं नाव नसावं."

एक शब्दही न बोलता राजांनी सरकारी कोठाराच्या किल्ल्या रखमाजींच्या हातात ठेवल्या. मिठाच्या गाड्या बाजारात शिरल्या, तसं घराघरांत दडवलेलं मीठही बाहेर आलं.