उंच दाराची पागा

बालमित्रांनो, एका जंगलाची झाडी जिथे विरळ होत जाते, तिथल्या शेतवस्तीवर एक कोंबडी राहत असे. तिची पिल्ले नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती आणि दिवसभर तिच्या पंखांखाली लुडबुडत होती. त्या वस्तीवर ज्याला त्याला आपापली जागा होती. गाईंना गोठा होता, घोडीला तबेला होता, मेंढ्यांना काटेरी कुंपणाचा मेंढवाडा होता आणि कोंबड्यांना होते दगडमातीचे खुराडे. खुराड्याचे दार इतके ठेंगणे होते की, आत शिरताना प्रत्येकाला मान खाली घालावी लागे. कोंबडीला त्याचे काहीच वाटत नसे. कोंबड्याला मात्र ते फार झोंबे, कारण त्याचा तुरा मोठा आणि लालभडक होता. त्यात तबेल्यातली घोडी रोज संध्याकाळी फुरफुरत विचारी, "काय कोंबडेराव, झाला का मुजरा करून?"

ही थट्टा निवडुंगाच्या कुंपणामागे बसलेल्या एका कोल्ह्याने ऐकली. दुसऱ्या दिवशी माणसे शेतात गेल्यावर तो कुंपणाशी आला आणि अदबीने म्हणाला, "कोंबडेराव, राग मानू नका, पण नुसते शब्द तरी ऐका. गोठा! तबेला! कसे भारदस्त वाटतात! आणि खुराडे? जणू कोणी खोकले! आपल्यासारख्या तुरेवाल्याने अशा नावाच्या जागेत का राहावे? या कुंपणापलीकडेच एक जुनी पागा ओस पडली आहे. चिरेबंदी भिंती आहेत, दार उंच आहे. मान ताठ ठेवून आत जा, मान ताठ ठेवून बाहेर या. आपण राहायला आलात की तिला आम्ही कुक्कुटप्रासाद म्हणू."

"कुक्कुटप्रासाद," कोंबडा पुटपुटला आणि त्याची छाती फुगली.

"अहो," कोंबडी म्हणाली, "पिल्ले नावात झोपणार आहेत की जागेत?"

"तुला मानापमान कळत नाही," कोंबडा फणकारला. "माझे ठरले. आज संध्याकाळी सगळ्यांनी तिकडेच मुक्कामाला जायचे."

कळप गेला असता तर पिल्लेही त्याच्यामागे गेली असती. त्यांना थोपवणे कोंबडीच्या एकटीच्या आवाक्यातले नव्हते. पण ती घाबरली नाही. तिने मनाशी विचार केला, की नावावरून वाद घालण्यात हशील नाही. नाव कोणीही कोणालाही देऊ शकतो. पाहायचे असते ते दार. मग ती मोठ्याने म्हणाली, "ठीक आहे. पण कच्च्याबच्च्यांना नेण्याआधी मोठ्यांनी जागा पाहून यावी, ही आपली रीत आहे. आपण दोघे जाऊ. पिल्ले तोवर इथेच थांबतील."

"अवश्य या, वहिनी!" कोल्हा म्हणाला आणि त्याने हळूच जीभ ओठांवरून फिरवली.

पागा खरोखरच ऐसपैस होती. कोंबडा उंबऱ्याशी पोहोचताच आत शिरण्यासाठी उतावीळ झाला. पण कोंबडीने पंख पसरून त्याला अडवले. "भावजी," ती कोल्ह्याला म्हणाली, "जुन्या भिंतींत सापकिरडू असते. घर तुमच्या ओळखीचे, तेव्हा आधी तुम्हीच आत जा. अगदी मागच्या भिंतीपर्यंत जाऊन सगळे कोपरे पाहा."

"एवढेच ना?" कोल्हा हसला. कान ताठ ठेवून आणि झुपकेदार शेपटी उंच धरून तो ऐटीत दारातून आत गेला. त्याच्या कानाचे टोकही चौकटीला लागले नाही.

"पाहिलेत?" कोंबडी हलक्या आवाजात म्हणाली.

"काय पाहायचे? किती रुबाबात गेला!"

"तेच म्हणते मी. ज्या दारातून तो इतक्या रुबाबात आत जातो, ते दार तुमच्या मापाचे की त्याच्या? आपल्या खुराड्याच्या दारातून त्याला असे जाता आले असते का?"

कोंबड्याने मान वर करून त्या उंच चौकटीकडे पाहिले. तेवढ्यात आतून आवाज आला, "कुठेही काही नाही! या आता दोघेही!" पण कोंबडीने नवऱ्याला जोराने ढुशी दिली आणि दोघेही पंख फडफडवत कुंपणाकडे पळत सुटले. आपला डाव फसला हे कोल्ह्याच्या लक्षात आले. तो मागच्या भिंतीपासून झेपावला आणि त्यांच्या पाठी लागला. कुंपण ओलांडून कोंबडा सरळ खुराड्यात घुसला. मान कधी वाकली, हे त्याचे त्यालाही कळले नाही. त्याच्यामागोमाग कोंबडी आत गेली आणि पिल्लांपुढे पंख पसरून उभी राहिली.

कोल्ह्याने त्वेषाने दारात तोंड खुपसले. नाक आत गेले, डोळ्यांपर्यंत डोके गेले, पण खांदे काही केल्या जाईनात. तशात कोंबडीने नेम धरून त्याच्या नाकाच्या शेंड्यावर चोच हाणली, मग कोंबड्याने हाणली, आणि पाठोपाठ खुराड्यातल्या साऱ्याजणींनी! कोल्हा विव्हळत मागे सरकला. तिकडे घोडी मोठमोठ्याने खिंकाळू लागली आणि शेतातून माणसांच्या हाका ऐकू येऊ लागल्या.

पळता पळता कोल्हा वळून ओरडला, "शेवटी खुराड्यातलीच राहिलीस ना!"

"राहिले, भावजी," कोंबडी आतून म्हणाली, "म्हणूनच तर तुम्हाला उत्तर देते आहे."

तात्पर्य : घराच्या मोठ्या नावाला भुलू नये, त्याचे दार कोणाच्या मापाने केले आहे, हे आधी पाहावे.